आधी घरी कोणाला सोडायचं?

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. अटलांटात त्या दिवशी जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. टोरोंटोत किंवा मिनिआपोलिसमध्ये एवढ्या बर्फाची कोणी दखलही घेणार नाही. अटलांटात मात्र दुपारी ऑफिसातून निघालेली कितीतरी माणसं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरी पोचली. दोन हजारांवर मुलं शाळेतच झोपली, काहींच्या बसगाड्या वाटेत अडकल्या. लोकांनी हायवेवर गाड्या सोडून दिल्या आणि किराणा दुकानांत, औषधांच्या दुकानांत, होम डेपो या घरसामानाच्या दुकानाच्या फरशीवर रात्र काढली. शहराभोवती फिरणाऱ्या इंटरस्टेट २८५ वर अडकलेल्या एका मोटारीत तर बाळंतपण झालं.

पुढे आठवडाभर उत्तरेकडच्या राज्यांना थट्टेला विषय मिळाला. दक्षिणेतल्या लोकांना बर्फात गाडी चालवता येत नाही आणि त्यांच्या शहराकडे बर्फ ढकलणारे पुरेसे प्लाउ नाहीत, अशी दोन कारणं सगळीकडे सांगितली गेली. दोन्ही खरी आहेत. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे प्लाउ विकत घ्या, मीठ साठवा, पुढच्या वेळी सगळं ठीक होईल, हा मला पटत नाही. क्वचित बर्फ पडणाऱ्या शहराचं काय होणार, हे बर्फाच्या आधीच्या सहा-आठ तासांत कोणी कोणाला कधी थांबवलं, यावर ठरतं. ती वेळ गेली की गोदामातल्या मिठाला फारसं काम उरत नाही.

अटलांटात घडलं ते असं. राष्ट्रीय हवामान खात्याने पहाटे चारच्या आधीच इशारा दिला होता. तरी शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारी बर्फ भुरभुरायला लागला तसं शाळा, सरकारी कचेऱ्या आणि खासगी कंपन्या या तिघांनीही जवळपास एकाच वेळी सगळ्यांना घरी सोडलं. एरवी संध्याकाळच्या तीन-चार तासांत विभागून जाणारी गर्दी एकदम रस्त्यावर उतरली. टायरांखाली बर्फाचं पाणी झालं, पारा उतरत होता म्हणून त्याच पाण्याची काच झाली, चढावर ट्रक आडवे झाले आणि मागच्या रांगा जागच्या जागी थिजल्या. मीठ टाकणाऱ्या गाड्याही त्याच रांगांत. शहराकडे दसपट गाड्या असत्या, तर दसपट अडकल्या असत्या. प्लाउला काम करायला आधी रिकामा रस्ता लागतो, आणि रस्ता रिकामा ठेवणं हे प्लाउचं काम नव्हे.

मिठाचंही तसंच. मीठ बर्फ वितळवतं एवढंच आपण ऐकलेलं असतं, पण त्याचा मोठा उपयोग बर्फ रस्त्याला चिकटू न देण्यात आहे. म्हणून जाणती शहरं आदल्या दिवशीच कोरड्या रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून ठेवतात. बर्फाआधी पाऊस आला तर ते वाहून जातं. पारा उणे दहा सेल्सिअसच्या खाली गेला की साधं मीठ जवळजवळ निकामी होतं. घड्याळ चुकलं की मीठही चुकलं.

जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर नेथन डील यांनी सुरुवातीला हे वादळ अनपेक्षित होतं असं सांगून पाहिलं. हवामानतज्ज्ञांनी इशाऱ्याची वेळ दाखवून दिल्यावर त्यांना जबाबदारी घेऊन माफी मागावी लागली. महापौर कसीम रीड यांनी सगळ्यांना एकाच वेळी सोडणं चूक होती हे मान्य केलं, पण शाळा काय किंवा हायवे काय, आपल्या हातात नाहीत हेही बजावलं. सबब असली तरी ती खोटी नव्हती. अटलांटा महानगरात तेव्हा पंचावन्न लाखांच्या आसपास लोक राहत होते आणि खुद्द शहराच्या हद्दीत त्यांतले दहा टक्केसुद्धा नव्हते. बाकीचे अनेक काउंट्यांत (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) आणि डझनावारी लहान नगरपालिकांत विखुरलेले. शाळांची मंडळं स्वतंत्र, हायवे राज्याचे, आणि मेट्रो रेल्वे तर कॉब आणि ग्विनेट या काउंट्यांनी साठ-सत्तरच्या दशकांतच मत देऊन नाकारलेली. अशा ठिकाणी ‘आज कोणी निघू नका’ असं सगळ्यांना एकदम सांगणारा कोणी नसतो. जो तो आपापल्या माणसांना घरी सोडून मोकळा होतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. सगळ्यांचा मिळून महानगराचा घात होतो.

यावर उपाय सापडलेला नव्हता असंही नाही. तीनच वर्षं आधी, २६ जानेवारी २०११ ला, वॉशिंग्टनमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना नेहमीपेक्षा दोन तास आधी सोडलं गेलं आणि नेमका तेव्हाच जोरात बर्फ सुरू झाला. एरवी अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्याला लोकांना आठ-आठ तास लागले. त्यानंतर केंद्राच्या कार्मिक कार्यालयाने आपली नियमावली सुधारली. लवकर सोडायचं तर टप्प्याटप्प्याने. पण अमुक वाजल्यानंतर कोणी निघायचं नाही, आणि परिस्थिती फारच बिघडली तर आहात तिथेच थांबायचं. आदल्या महिन्यातच घरून काम करण्याबद्दलचा केंद्रीय कायदा झाला होता, त्याचाही आधार मिळाला. या सगळ्यात एकही यंत्र विकत घ्यावं लागलं नाही.

आणि हा केवळ मोटारींचा रोग आहे असंही समजू नये. २२ जानेवारी २०१८ ला टोकियोत तेवीस सेंटीमीटर बर्फ पडला. कंपन्यांनी मोठ्या काळजीने लोकांना दुपारीच घरी पाठवलं आणि शिबुयासारख्या स्थानकांवर इतकी झुंबड उडाली की आत सोडणं अधूनमधून बंद करावं लागलं. जगातली बहुधा सर्वांत शिस्तबद्ध रेल्वेसुद्धा सगळे एकदम आले तर पुरी पडत नाही.

मुंबईकराला हे नव्याने सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला पंच्याहत्तरच्याही आत. मंत्रालय, महापालिकेचं मुख्यालय, बड्या कंपन्यांची ऑफिसं बहुतेक दक्षिणेत. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्या खिडकीबाहेर रोजचाच पाऊस होता आणि ज्यांच्यासाठी घ्यायचा ती माणसं कलिना-कुर्ल्यात छातीएवढ्या पाण्यात चालत होती. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा आणि जॉन्स क्रीकमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या ज्यांनी हे दोन्ही दिवस काढले, त्यांना पाणी आणि बर्फ यांतला फरक फारसा महत्त्वाचा वाटणार नाही.

मग यंत्रं घ्यायचीच नाहीत का? घ्यायची, पण झेपेल इतकी आणि दुहेरी उपयोगाची. साप्पोरोत वर्षाला पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तिथे यंत्रांचा ताफा हा पाणीपुरवठ्याइतकाच रोजचा खर्च आहे. तीन-चार वर्षांत एकदा बर्फ बघणाऱ्या शहराने तसा ताफा बाळगला तर तो गंजेल आणि चालकांची सवयही मोडेल. न्यूयॉर्कने यावर फार पूर्वी चांगला तोडगा काढला. तिथे कचरा उचलणारं खातंच बर्फ हटवतं. रोजच्या कचरागाड्यांना पुढून पातं जोडलं की त्यांचा प्लाउ होतो. गाडी तीच, चालक तोच, गल्ली त्याच्या पायाखालची. अर्थात त्या दिवसांत कचरा साचतो, पण थंडीत तो लगेच कुजत नाही!

सिएटलची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथल्या पालिकेचं धोरण रस्त्यावर मीठ न टाकण्याचं होतं, कारण ते वाहत जाऊन प्युजेट साउंड या खाडीच्या पाण्यात मिसळतं. त्याऐवजी वाळू टाकायची आणि बर्फाचा थर दाबून त्यावरूनच साखळ्या लावलेल्या गाड्या चालवायच्या. एरवी तिथला बर्फ दिवस-दोन दिवसांत आपोआप विरघळतो, त्यामुळे धोरण तसं वेडगळ नव्हतं. २००८ च्या डिसेंबरात मात्र बर्फ आणि थंडी दोन आठवडे मुक्कामाला राहिली, रस्ते खडबडीत बर्फाने मढले, आणि महापौर ग्रेग निकल्स यांनी स्वतःच्या प्रशासनाला परीक्षेतल्यासारखा ‘बी’ शेरा देऊन टाकला. पुढच्या ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरीतच मतदारांनी त्यांना घरी बसवलं. धोरण कोणत्या परिस्थितीत मोडायचं हे धोरणातच लिहिलेलं नव्हतं, ही माझ्या मते खरी चूक. पर्यावरणाची काळजी घेणं ही चूक नव्हती.

बर्फाने खुर्च्या गेल्याची उदाहरणं अमेरिकेत तोंडपाठ असतात. १९७९ च्या जानेवारीत शिकागो बर्फाखाली गेलं, महापौर मायकेल बिलँडिक यांनी न झालेली सफाई झाली म्हणून सांगितली, आणि शहरी रेल्वे वेळ वाचवण्यासाठी कृष्णवर्णीय वस्त्यांतली स्थानकं गाळून धावू लागली. फेब्रुवारीत जेन बर्न यांनी त्यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवलं आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्याच्या दहा वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये जॉन लिंडसे यांचं नाव पंधरा इंचांच्या बर्फाशी कायमचं जोडलं गेलं. क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस साफ झाले नाहीत, शहरात बेचाळीस माणसं गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी क्वीन्समधली होती. पुढाऱ्यांनी यातून धडा घेतला तो एवढाच, की न ढकललेला बर्फ मतं खातो. मग ते प्लाउबरोबर फोटो काढून घेतात. बर्फाआधीच बंद ठेवलेल्या, शांत, रिकाम्या रस्त्याचा फोटो कोण काढणार? त्या मंगळवारनंतर दोनच आठवड्यांनी अटलांटावर आणखी एक बर्फाचं वादळ आलं. या वेळी शाळा-कचेऱ्या आधीच बंद होत्या, रस्ते ओस होते, आणि आज तो आठवडा कोणाच्या आठवणीतही नाही.

उलट, आधी बंद केलं आणि बर्फ आलाच नाही, तर मात्र नाचक्की होते. २६ जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी अंदाज बघून रस्ते बंद केले आणि रात्री अकरापासून भुयारी रेल्वेही. नुसत्या बर्फासाठी ती बंद करण्याची ही पहिलीच वेळ. सेंट्रल पार्कमध्ये शेवटी दहा इंचांच्याही आत बर्फ पडला, कारण मोठं वादळ थोडं पूर्वेला सरकलं. दोन दिवस हसण्यात गेले. मला विचाराल तर रस्ते बंद करणं बरोबर होतं. भुयारातली गाडी बंद करणं चूक होतं. रूळ मोकळे राहावेत म्हणून त्या रात्रीही गाड्या धावतच होत्या, फक्त रिकाम्या. पण या चुकीला हसताना आपण पुढच्या अधिकाऱ्याला काय शिकवतो? थांबून बघ, खात्री होऊ दे, असंच ना? आणि बर्फाची खात्री होते तेव्हा तो खिडकीबाहेर पडत असतो. जपानमध्ये पश्चिम विभागाच्या रेल्वेने २०१४ मध्ये चक्रीवादळाआधीच गाड्या बंद करण्याची घोषणा केली तेव्हा तिच्यावरही टीका झाली. आज तिथले प्रवासी अशी आगाऊ बंदी गृहीत धरून दिवस आखतात. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याची सवय लोकांना लावावी लागते, आणि ती लावायची तर पहिली काही वर्षं कोणाला तरी शिव्या खाव्या लागतात.

आता न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. हे शहर अटलांटाच्या दुसऱ्या टोकाचं. बर्फ त्याच्या पाचवीला पुजलेला, यंत्रं भरपूर, माणसं सरावलेली. २०२२ च्या नाताळाआधी ‘पिढीतून एकदा येणारं वादळ’ असा इशारा काही दिवस आधीच मिळालेला होता. बफेलो ज्या एरी काउंटीत येतं तिने वाहतूकबंदी लावली ती शुक्रवारी, २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊपासून. तोवर लोक कामावर पोचले होते किंवा वाटेत होते. पुढे दीड दिवस समोरचं काही दिसेना, चार फुटांवर बर्फ साचला, प्लाउ अडकले, अँब्युलन्स अडकल्या, सोडवायला गेलेल्यांना सोडवायची वेळ आली. काउंटीत चाळीसहून अधिक माणसं मेली: कोणी गाडीत, कोणी वीज गेलेल्या घरात, कोणी फुटपाथवर. शहराच्या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय पूर्व भागाला सर्वांत मोठा फटका बसला. शहरानेच नंतर न्यूयॉर्क विद्यापीठाकडून करून घेतलेल्या अभ्यासात बंदी उशिरा आल्यावर बोट ठेवलं आहे.

आता याचं उत्तर बरेच जण असं देतात की वाहतूकबंदी नसली तरी शहाण्या माणसाने घरी बसावं, आवाहन तर केलंच होतं. आवाहन ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याच्यासाठी असतं. गोदामात, दुकानाच्या काउंटरवर, वृद्धाश्रमात तासावर काम करणाऱ्या माणसाला साहेबाचा फोन येतो, ‘येतोस ना?’ आवाहनाच्या जोरावर त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हटलं तर दिवस बुडतो, कदाचित नोकरीही. बंदी असली की तो ‘पोलीस सोडत नाहीत’ म्हणू शकतो. बंदीचा कागद वरकरणी गाडीवाल्याच्या विरुद्ध असला तरी तो खरा मालकाच्या विरुद्ध लागू पडतो. म्हणूनच तो पहाटेच्या पाळीच्या आधी निघायला हवा. सकाळी साडेनऊला निघालेली बंदी लॅपटॉपवाल्यांना बरोबर घरी ठेवते. पहाटे पाचला बस पकडलेल्यांना ती कामाच्या जागी नाहीतर वाटेत गाठते.

बर्फ पडून गेल्यावरही प्रश्न आधी कोणाचा, हाच असतो. अमेरिकेत बहुतेक शहरांत रस्ता साफ करणं पालिकेचं काम आणि समोरचा फुटपाथ साफ करणं घरमालकाचं. त्यामुळे रस्ता दुपारपर्यंत काळाभोर होतो आणि प्लाउने कडेला लोटलेला ढीग नेमका बसथांब्यासमोर आणि चाकाच्या खुर्चीच्या उतारावर जाऊन बसतो. स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा या छोट्या पालिकेने २०११ च्या सुमारास हा क्रम उलटा केला: आधी पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा, फुटपाथ आणि सायकलमार्ग, मोठे रस्ते नंतर. कारण साधं होतं. गाडी चार-पाच इंचांतून जाते, बाबागाडी जात नाही. आणि निसरड्यावर पडून हाड मोडणाऱ्यांत मोटारीतल्यांपेक्षा पायी चालणारे कितीतरी जास्त असतात. २०१६ च्या नोव्हेंबरात स्टॉकहोममध्ये एका दिवसात जवळजवळ चाळीस सेंटीमीटर बर्फ पडून सगळं ठप्प झालं, तेव्हा टीकाकारांनी खापर तिथेही स्वीकारलेल्या याच ‘स्त्री-पुरुष समतेच्या’ क्रमावर फोडलं (पायी चालणाऱ्यांत बायका जास्त, म्हणून हे नाव). शंभरहून अधिक वर्षांत नोव्हेंबरमध्ये पडला नव्हता इतका बर्फ होता तो. कोणत्याही क्रमाने शहर ठप्पच झालं असतं.

२१ जानेवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ पडला, म्हणजे अटलांटाच्या त्या दिवसाच्या तिप्पट, आणि हे शहर तर समुद्रसपाटीच्या आसपास वसलेलं, जवळपास बर्फच न बघणारं. शाळा आधीच बंद होत्या, इंटरस्टेट १० चे लांबच लांब पट्टे बंद ठेवलेले. मुलं बर्फात खेळली. अटलांटासारखी रात्र झाली नाही. त्याच महिन्यात अटलांटातही दोन इंच बर्फ पडला, शाळा आदल्या दिवशीच बंद जाहीर झाल्या होत्या आणि रस्ते बहुतेक मोकळे राहिले. शहरं शिकतात.

मात्र या शिकण्याचं बिल कोणाकडे जातं, हा भाग अजून तसाच आहे. घरून काम करणाऱ्याला बंदीचा दिवस भरपगारी पडतो. हॉटेलात भांडी घासणाऱ्याला, इमारतीच्या रखवालदाराला, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाईला तो बिनपगारी पडतो. शाळा बंद म्हणजे काही मुलांचं दिवसातलं एक हुकमी जेवणही बंद. २०१४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या महापौरांनी भर बर्फात शाळा चालू ठेवल्या तेव्हा टीव्हीवरून त्यांची हजेरी घेतली गेली, पण पालकांना मुलांना ठेवायला दुसरी जागा नाही आणि अनेक मुलांना शाळेतच जेवण मिळतं, हे त्यांचं म्हणणं खोडून कोणी काढलं नाही. बंदीला विरोध करणारे बहुतेकदा धंद्याच्या नुकसानीबद्दल बोलतात. खरा आक्षेप हा मजुरीचा आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय ‘आधीच बंद करा’ म्हणणं हे माझ्यासारख्या पगारदार माणसाला फारच सोयीचं आहे.

यातला निम्मा भाग पालिकेला स्वतःच करता येतो. सफाई, सुरक्षा, कँटीन यांची कंत्राटं देताना जाहीर बंदीच्या दिवसाची मजुरी कंत्राटदाराने द्यायची आणि पालिकेने भरून द्यायची, अशी अट आधीच घालता येते. जशी मिठाच्या खरेदीची तरतूद अंदाजपत्रकात असते, तशी याचीही असावी. शाळा बंद ठेवायच्या तर आदल्या दिवशी मुलांच्या हाती दोन जेवणांचा डबा द्यावा. खासगी मालकांसाठी कायदा लागेल आणि तो राज्याने करायचा आहे. तीन टेबलांची खाणावळ चालवणाऱ्याने दोन पोरांचा बुडालेला रोज कुठून द्यायचा, हे मात्र यातल्या कशानेच सुटत नाही. त्याच्यासाठी राज्याच्या आपत्ती निधीतून काहीतरी द्यावं लागेल, आणि किती द्यायचं यावर वाद होईल. तो वाद ऑक्टोबरात घालावा, बर्फाच्या आदल्या रात्री नव्हे.